बायपासनंतरची वर्षे

१९९० साली इंग्लंडमध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि जुलैत भारतीय अर्थव्यवस्थेची दिशा बदलणारा अर्थसंकल्प त्यांनी मांडला. २००४ मध्ये पंतप्रधान झाले. जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, मधुमेह सोबतीला असताना त्यांना दुसऱ्यांदा बायपास करून घ्यावी लागली. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या या शस्त्रक्रियेचे नेतृत्व मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी केले. ते विश्रांती घेत असताना फेब्रुवारीतला अंतरिम अर्थसंकल्प प्रणव मुखर्जी यांनी मांडला. पण २ एप्रिलला डॉ. सिंग लंडनमध्ये जी-२० परिषदेला हजर होते, आणि मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिल्या बायपासला तोवर ३४ वर्षे झाली होती.

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांची बायपास फेब्रुवारी १९८२ मधली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

अशा माणसांना उत्तमातले उत्तम उपचार मिळतात, त्यामुळे त्यांच्यावरून सर्वांचा अंदाज बांधता येत नाही. तरीही या दोन आयुष्यांमुळे एक गैरसमज नक्की दूर होतो. आपल्याकडे ‘त्यांची बायपास झालीय’ हे वाक्य अजूनही आवाज खाली आणून उच्चारले जाते. जणू त्या माणसाचे कर्तेपण संपले, आता त्याला जपून ठेवायचे एवढेच उरले. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या मनात एकच प्रश्न असतो: आता किती वर्षे? या प्रश्नाला आज आकड्यांनी उत्तर देता येते. ते बरेच दिलासा देणारे आहे. मात्र त्यातला मोठा भाग सर्जनच्या टेबलावर ठरत नाही. तो घरी आल्यानंतरच्या वर्षांत ठरतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद होतात. बायपासमध्ये सर्जन हे थर काढत नाहीत. शरीराच्या दुसऱ्या भागातली एखादी रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे ती जोडतात, म्हणजे रक्ताला नवी वाट मिळते. गावाबाहेरून वळणरस्ता काढल्याने गावातला खड्ड्यांचा रस्ता दुरुस्त होत नाही, तसेच हे आहे. छातीतली कळ थांबते, दम लागणे कमी होते, पण धमन्या खराब करणारा मूळ आजार जिथल्या तिथे असतो. बायपासनंतरच्या आयुष्याबद्दलची जवळपास प्रत्येक गोष्ट या एका वास्तवातून निघते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. सोव्हिएत सर्जन वासिली कोलेसॉव्ह यांनी १९६४ मध्ये लेनिनग्राडला छातीच्या आतल्या बाजूची धमनी हृदयाच्या धमनीला जोडून दाखवली. मे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मूळचे अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरली आणि तिथून बायपास जगभर पोहोचली. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर इथल्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. म्हणजे या शस्त्रक्रियेनंतर माणसे किती आणि कशी जगतात, हे पाहायला जगाला आता पन्नासहून अधिक वर्षे मिळाली आहेत.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी १९७१ ते १९८० या काळात बायपास झालेल्या आपल्या पहिल्या १,०४१ रुग्णांचा तीस वर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांनी त्यांतले ७७ टक्के हयात होते, वीस वर्षांनी ४० टक्के आणि तीस वर्षांनी १५ टक्के. हे रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी पन्नाशीच्या आगेमागे होते आणि तो काळ कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या येण्यापूर्वीचा होता. तिथून पुढे औषधे आणि शस्त्रक्रियेचे तंत्र दोन्ही खूप सुधारले. डेन्मार्कमध्ये १९८० ते २००९ दरम्यान बायपास झालेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांची तुलना त्याच वयाच्या सर्वसाधारण जनतेशी करण्यात आली. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीस दिवस पार पडलेल्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण पुढची आठ-दहा वर्षे इतरांच्या जवळपास बरोबरीचे राहिले. त्यानंतर मात्र ही दरी रुंदावत गेली.

या दुसऱ्या निष्कर्षात चांगली बातमी आहे आणि इशाराही. पहिले दशक बहुतेकांना चांगले जाते. दहा वर्षांनंतर आधी केलेल्या हलगर्जीपणाची वसुली सुरू होते.

पण त्या दशकाआधी पहिले तीन महिने असतात, आणि घरच्यांची खरी परीक्षा तिथे होते.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मधोमध असलेले हाड उभे कापावे लागते. शस्त्रक्रिया संपल्यावर ते स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. या तारा कायम आतच राहतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरेसे मजबूत व्हायला सुमारे तीन महिने. तोवर पाण्याची बादली, भरलेला कुकर, नातवंड यांतले काहीही उचलायचे नाही. जड दार ढकलायचे नाही, एसटीत वरचा दांडा धरून लोंबकळायचे नाही, दोन हातांनी रेटा देऊन उठायचे नाही. जमिनीवरच्या अंथरुणापेक्षा या काळात पलंग सोयीचा, आणि भारतीय शौचालयापेक्षा कमोड. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग उठावे. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकावे. खोकला दाबायचा मात्र नाही, कारण फुप्फुसात साठलेला कफ बाहेर पडणे गरजेचे असते. रुग्णालयातून दिलेले तीन बॉलचे श्वासाचे यंत्र त्यासाठीच असते. घरी आल्यावर ते कपाटात ठेवून देण्याची घाई करू नये.

पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला काही आठवडे सूज येते. बसताना पाय उंचावर ठेवल्याने आणि सांगितलेले लांब मोजे घातल्याने ती कमी होते. पायाच्या आतल्या बाजूला किंवा छातीच्या डाव्या भागात बधिरपणा, मुंग्या, शर्टाचा स्पर्शही नकोसा वाटणे, हे सारे त्वचेच्या बारीक नसा दुखावल्यामुळे होते आणि बहुतेकांचे महिन्यागणिक ओसरते. तोंडाची चव जाते, झोप तुटक होते, विचित्र स्वप्ने पडतात, पोट साफ होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास पाचातल्या एखाद्या, काही पाहण्यांनुसार तिघांतल्या एका रुग्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. औषधांनी ते बहुधा पूर्ववत होतात.

मात्र काही खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवे: ताप येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, छातीच्या हाडात कटकट आवाज होणे, एका पोटरीला अचानक सूज आणि वेदना, आडवे पडल्यावर वाढणारा दम, दोन-तीन दिवसांत भराभर वाढलेले वजन. मधुमेह असलेल्यांच्या जखमेला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, म्हणून या काळात साखर काबूत ठेवणे ही जखमेचीच काळजी असते.

चालणे पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. सुरुवातीला घरातल्या घरात पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मग गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात दहा मिनिटे. दीड-दोन महिन्यांत सलग अर्धा तास. चालताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग. जेवल्या जेवल्या चालू नये. बैठे काम करणारे बहुतेक लोक सहा ते आठ आठवड्यांत कामावर जातात. शेतात, गोदामात किंवा कारखान्यात अंगमेहनत करणाऱ्यांना तीन महिने थांबावे लागते. चारचाकी चालवायला दीड-दोन महिन्यांनी परवानगी मिळते. दुचाकीचे हँडल आणि रस्त्यावरचे धक्के छातीच्या हाडाला जास्त त्रास देतात, म्हणून तिला अधिक वेळ द्यावा.

शरीराच्या या दुखण्यांबद्दल रुग्णालयात कोणी तरी सांगते. मनाबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आयुष्यभर घर चालवलेला माणूस बायपासनंतर टीव्हीवरची साधी मालिका पाहताना रडू लागतो. क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो. रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडून राहतो. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन तर चांगलं झालं, आता काय?’ सुमारे पाचातल्या एकाला बायपासनंतर उपचार घ्यावेत इतके नैराश्य येते, आणि नैराश्यातला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, पुन्हा तंबाखूकडे वळतो. म्हणून त्याचा हृदयावरही परिणाम होतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये याच प्रश्नावर एक साधा प्रयोग झाला. बायपास झालेल्या आणि नैराश्याची लक्षणे असलेल्या ३०२ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित परिचारिकांनी आठ महिने ठरावीक अंतराने फोन केले, त्यांची विचारपूस केली, गरज पडली तेव्हा डॉक्टरांच्या मदतीने औषध सुरू केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा फोनच्या गटातल्या निम्म्या रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली. नेहमीच्या देखभालीच्या गटात असे रुग्ण सुमारे ३० टक्केच होते. फोनवर नेमाने विचारपूस करणारे कोणी असणे, एवढ्याने इतका फरक पडतो.

विसराळूपणाची तक्रारही अनेक जण करतात. नावे आठवत नाहीत, हिशेब चुकतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमुळे मेंदूवर परिणाम होतो, अशी शंका एकेकाळी फार घेतली गेली. पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की पहिल्या काही आठवड्यांतला हा धूसरपणा बहुतेकांचा जातो. आणि काही वर्षांनी जी घसरण दिसते, ती हृदयविकार असलेल्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांतही तितकीच असते. तिचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात, म्हणजे रक्तदाब आणि मधुमेहात, आहे.

बायपास झालेल्या बाईची गोष्ट आणखी वेगळी. स्त्रियांच्या हृदयविकाराचे निदान उशिरा होते, त्यांच्या धमन्या बारीक असतात, आणि शस्त्रक्रियेतला धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो. त्यात घरी आल्यावर पंधरा दिवसांत त्या ओट्यापाशी उभ्या दिसतात. भाकरी थापणे, कपडे पिळणे, फरशी पुसणे या सगळ्यांत छातीच्या हाडावर ताण येतो. नवऱ्याच्या बायपासनंतर बायको तीन महिने रजा घेते. बायकोच्या बायपासनंतर त्या तीन महिन्यांचा स्वयंपाक कोण करणार, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी घरात ठरायला हवे.

पती-पत्नींच्या मनात आणखी एक प्रश्न असतो आणि तो ओपीडीत विचारला जात नाही. शरीरसंबंध सुरू करायला साधारण सहा ते आठ आठवडे थांबावे. दोन जिने न दमता, छातीत न दुखता चढता येत असतील तर हृदय त्या श्रमाला तयार असते. मात्र सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो.

आता पुढच्या वर्षांकडे. नव्याने जोडलेल्या वाहिन्या किती काळ चालतात?

हे कोणती वाहिनी वापरली त्यावर अवलंबून असते. छातीच्या आत डाव्या बाजूला असलेली धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडली, तर दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत ती उघडी असते. या धमनीच्या आतल्या अस्तराला चरबी सहसा चिकटत नाही. पायातल्या शिरेचे तसे नाही. ती मुळात कमी दाबाने रक्त परत नेण्यासाठी घडलेली असते आणि तिला अचानक धमनीचा दाब सोसावा लागतो. पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होऊ शकते, पहिल्या वर्षात तिची भिंत जाड होऊ लागते, आणि त्यानंतर तिच्यातही तोच चरबीचा आजार शिरतो. दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद किंवा खराब होतात. क्लीव्हलंड क्लिनिकने १९८६ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना फक्त शिरा जोडल्या त्यांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका छातीतली धमनी जोडलेल्यांपेक्षा १.६ पट होता. तेव्हापासून ही धमनी वापरणे हा जगभरचा रिवाज झाला. अलीकडे मनगटाजवळची, हातातली धमनीही अनेक सर्जन वापरतात आणि ती शिरेपेक्षा जास्त टिकते. शस्त्रक्रियेआधी ‘कोणत्या वाहिन्या जोडणार?’ असे रुग्णाने विचारणे अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड जपून ठेवावे. दहा वर्षांनी एखाद्या परक्या गावातल्या डॉक्टरला त्याचाच आधार असतो.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची बायपास सप्टेंबर २००४ मध्ये झाली. चार वाहिन्या जोडल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये छातीत पुन्हा अस्वस्थ वाटू लागले आणि जोडलेली एक शीर बंद झाल्याचे दिसले. डॉक्टरांनी मूळच्या धमनीत दोन स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसवल्या आणि क्लिंटन दुसऱ्या दिवशी घरी गेले. त्यानंतर त्यांनी आहार मुळापासून बदलला. शीर बंद होणे म्हणजे सर्व संपणे नव्हे, हे यातून दिसते. दुसऱ्यांदा छाती उघडणे जोखमीचे असते, कारण आतले अवयव चिकटलेले असतात आणि चालू असलेली वाहिनी दुखावण्याची भीती असते. म्हणून आज पहिला विचार बहुधा स्टेंटचा होतो.

स्टेंट आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या सिंटॅक्स या मोठ्या चाचणीतून बायपास झालेल्यांना फार मोलाची माहिती मिळाली. तिन्ही मुख्य धमन्यांत अडथळे असलेल्यांमध्ये दहा वर्षांत स्टेंटच्या गटातले २८ टक्के, तर बायपासच्या गटातले २१ टक्के रुग्ण दगावले. मधुमेह असलेल्यांसाठीही बायपास सरस ठरते, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीने दाखवले. पण सिंटॅक्सच्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब संशोधकांनी दुसऱ्या बाजूने मांडला. रक्तातली गुठळी रोखणारी गोळी, स्टॅटिन, बीटा-ब्लॉकर आणि रक्तदाबाची ठरावीक गटातली गोळी ही चारही औषधे घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ती न घेणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी दिसला. स्टेंटऐवजी बायपास केल्याने धोका कमी झाला होता २६ टक्क्यांनी. लाखो रुपये खर्चून, छाती उघडून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा रोजच्या गोळ्यांशी जोडलेला फायदा मोठा भरला. आणि ही औषधे अर्धवट घेणाऱ्यांत बायपास झालेले रुग्णच अधिक होते.

असे का होते, हे समजणे अवघड नाही. बायपासनंतर बरे वाटते. दोन वर्षे काही त्रास होत नाही. मग एक गोळी कमी होते, ‘किडनी खराब होईल’ असे कोणी तरी सांगते म्हणून दुसरी सुटते, कोणी काढा सुचवतो. औषधांनी पोट भरते, अशी तक्रार असतेच. पण अॅस्पिरिनची छोटी गोळी जोडलेल्या वाहिनीत गुठळी होऊ देत नाही. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत अॅस्पिरिन मिळालेल्यांत रुग्णालयातले मृत्यू १.३ टक्के होते, न मिळालेल्यांत ४ टक्के. स्टॅटिनचे कामही असेच आहे. १९९७ च्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल जोरकसपणे उतरवलेल्या गटात २७ टक्के शिरांमधला आजार वाढला, सौम्य उपचारांच्या गटात ३९ टक्के. आज बायपास झालेल्या माणसाचे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली असावे असे युरोपातले हृदयतज्ज्ञ सांगतात. प्रयोगशाळेच्या कागदावर शंभरपर्यंतचा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असतो; तो बायपास झालेल्यांसाठी नसतो. रक्तदाब १३०/८० च्या आत आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) बहुतेकांसाठी सातच्या आसपास, ही आणखी दोन लक्ष्ये.

स्टॅटिनने अंग दुखत असेल तर मात्रा किंवा गोळी बदलता येते. ती परस्पर बंद करू नये. दात काढायचा म्हणून अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या हृदयविकाराच्या रुग्णाला धोक्याच्या असतात, हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हजारो गरीब कुटुंबांना बायपास परवडली, पण त्यानंतरच्या आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. अॅटोरव्हास्टॅटिन, अॅस्पिरिन, मेटोप्रोलोल, रॅमिप्रिल ही सगळी औषधे जनऔषधी केंद्रांत जेनेरिक स्वरूपात खूप स्वस्त मिळतात. पैशाअभावी गोळ्या सोडण्यापूर्वी डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे.

आणि तंबाखू. अमेरिकी मुलाखतकार लॅरी किंग दिवसाला तीन पाकिटे सिगारेट ओढत. १९८७ च्या फेब्रुवारीत हृदयविकाराचा झटका आला त्या दिवशी त्यांनी ती सोडली. त्याच डिसेंबरात पाच वाहिन्यांची बायपास झाली. त्यानंतर ते ३३ वर्षे जगले. आपल्याकडे सिगारेट-बिडीइतकाच चुना-तंबाखूचा आणि मशेरीचा प्रश्न आहे. सकाळी दात घासायला लागणारी मशेरी ‘व्यसन’ म्हणून डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. ती भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते.

खाण्याच्या बाबतीत बायपासनंतर घराघरांत दोन टोके दिसतात: पहिले सहा महिने उकडलेले आणि बेचव, त्यानंतर पूर्वीसारखे सगळे. दोन्ही टिकणारे नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, वरण, भरपूर भाजी, फळ, ताक हा मराठी घरातला साधा स्वयंपाक मुळातच हृदयाला मानवणारा आहे. बिघडवतात ते फरसाण, वडापाव, बेकरीची बिस्किटे-खारी, वनस्पती तूप आणि पापड-लोणच्यांतले मीठ. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याएवढे असावे. कोकण-गोव्यात स्वस्त मिळणारे बांगडा आणि तारली हे मासे हृदयाला उपयोगी ओमेगा-३ चे उत्तम स्रोत आहेत. तळण्याऐवजी कालवणात घ्यावेत. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या मधुमेहींची साखर त्या दिवशी झपाट्याने चढते. आणि उपवास असला तरी गोळ्यांना सुट्टी नाही.

ज्यांच्या हृदयाचे पंपिंग आधीच खूप घटलेले असते, त्यांच्यासाठी चित्र गंभीर असते, हे लपवून चालणार नाही. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२१२ रुग्णांच्या स्टिच चाचणीत दहा वर्षांत बायपास झालेल्यांपैकी ५८.९ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ६६.१ टक्के रुग्ण दगावले. बायपासने त्यांनाही फायदा होतो, पण त्यांची देखभाल अधिक काटेकोर लागते: रोज वजन, पाणी-मिठावर नियंत्रण, ठरल्या वेळी टुडी इको.

बाकीच्यांना दरवर्षी अँजिओग्राफीची गरज नसते. कोलेस्टेरॉल, साखर, क्रिएटिनिन, ईसीजी आणि डॉक्टरांशी सविस्तर भेट पुरते. वर्षातून एकदा फ्लूची लस घ्यावी. पण त्रास परत आला तर वेळ दवडू नये. चालताना छातीत, जबड्यात किंवा हातात दाब जाणवणे, नेहमीच्या जिन्यावर दम लागणे, विनाकारण घाम फुटणे याला घरोघरी ‘पित्त झालं’ म्हणतात आणि आल्याचा तुकडा किंवा सोडा दिला जातो. मधुमेहींना तर अनेकदा छातीत दुखतच नाही, नुसता थकवा येतो. विश्रांतीतही त्रास थांबत नसेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

बायपासची फाइल घरी येते, तेव्हा तिच्यात मुलांसाठी आणि भावंडांसाठीही एक निरोप असतो. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षे आधी गाठतो. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर रक्ताच्या नात्यातल्या इतरांचा धोका वाढतो. अशा घरातल्या मुला-मुलींनी विशीतच कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि लायपोप्रोटीन-ए नावाची रक्ततपासणी आयुष्यात एकदा करावी. या घटकाचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते आणि आहार-व्यायामाने फारसे बदलत नाही. ते जास्त निघाले, तर बाकीचे सगळे धोके, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू, लहान वयापासून अधिक कडकपणे आवरावे लागतात. त्यासाठी तिशीतच हृदयतज्ज्ञांची पहिली भेट घेतलेली बरी.